रोहन बोपण्णा थांबला. दुहेरीचा खेळाडू म्हणजे 'दुहेरीचाच' का?

सागरमाळ

नमस्कार मंडळी,

१ नोव्हेंबर २०२५ ला टेनिसपटू रोहन बोपण्णानं निवृत्ती जाहीर केली. बातमी वाचली तेव्हा लेकीला कोर्टावर सोडून मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. शेजारी आणखी दोघं पालक. त्यातले एकजण म्हणाले, "चांगला होता, पण दुहेरीचाच ना." विषय तिथंच संपला, पण तो 'च' मला दिवसभर टोचत राहिला.

हा माणूस २००३ पासून व्यावसायिक टेनिस खेळला. एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या, दुहेरीच्या २६ स्पर्धा जिंकल्या. २७ जानेवारी २०२४ ला मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा त्याचं वय होतं ४३. ओपन युगात, म्हणजे १९६८ पासून, पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम (चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) एवढ्या वयात कुणीच जिंकलं नव्हतं. त्याआधीचा विक्रम जाँ-ज्युलियन रोजेरचा, ४० व्या वर्षी. त्याच स्पर्धेनंतर बोपण्णा आयुष्यात पहिल्यांदा जागतिक क्रमवारीत पहिला आला. एवढं सगळं करूनही तो 'दुहेरीचाच'?

विचारण्यात माझा स्वार्थही आहे. लेक सोळा वर्षांची, उंची पाच फूट एक इंच. एकेरीत दुसऱ्या फेरीच्या पुढं गाडी सरकत नाही. नेटजवळ मात्र तिचा हात असा चालतो की बघत राहावं. सर म्हणतात, आतापासून दुहेरीकडं लक्ष द्या. घरात दोन तट पडलेत. आमच्या आईंचं म्हणणं, "निम्मं कोर्ट खेळून काय मिळायचंय?" बायको म्हणते, पोरीला विचारा. पोरगी म्हणते, मला दुहेरीतच मजा येते, पण मैत्रिणी म्हणतात एकेरीत जमलं नाही म्हणून गेली.

तुमचे अनुभव सांगा. स्पष्ट बोललात तरी चालेल.

पेठकर

पहिल्यांदा बोपण्णाला मानाचा मुजरा. ४३ व्या वर्षी ग्रँड स्लॅम म्हणजे नाद खुळा! आमच्याकडं चाळिशी लागली की माणूस रंकाळ्याला फेऱ्या मारायला जातोय आणि तिथंबी बाकड्यावरच जास्त बसतोय.

खरं सांगू का भावा, कोल्हापूरला जोडीचा खेळ कळायला वेळ लागतोय. इथं एक तर खासबागची कुस्ती, नाहीतर शाहू स्टेडियमचा फुटबॉल. एकटा नाहीतर अकरा. दोघांचं काय करायचं हेच आपल्याला ठाऊक नाही.

चहाबाज

"एकटा नाहीतर अकरा" हे लई आवडलं. फ्रेम करून तालमीत लावा.

टॉपस्पिन

कडू बोलतो, राग मानू नका. बोपण्णाबद्दल आदर आहेच. पण त्याची एकेरीतली सर्वोत्तम क्रमवारी २१३, तीही २००७ सालची. एकेरीत पहिल्या शंभरात पोचता आलं असतं तर तो दुहेरीकडं वळला असता का? जगातले बहुतेक चांगले एकेरीचे खेळाडू दुहेरी मनावरच घेत नाहीत. म्हणजे तिथली स्पर्धा मुळातच पातळ.

पैशातही तेच दिसतं. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७ लाख ३० हजार, तेही दोघांत वाटून. ही जगातल्या सर्वोच्च जोडीची कमाई. पन्नासाव्या-साठाव्या नंबरवाल्यानं विमानाची तिकिटं, हॉटेल, कोच, फिजिओ कशातून भागवायचं? सोळा वर्षांच्या मुलीला इतक्यात तिकडं वळवू नका. दोन वर्षं एकेरीवर घाम गाळू द्या.

जुना_खेळाडू

टॉपस्पिन, आकडा बरोबर, निष्कर्ष घाईचा. सप्टेंबर २०१०, चेन्नई, डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांच्या स्पर्धेत, ब्राझीलविरुद्धची लढत आठवा. आपण ०-२ मागे होतो. २-२ झाल्यावर पाचवा सामना खेळायला उतरला तो रोहन बोपण्णा, एकेरीत, रिकार्डो मेलोविरुद्ध. जिंकला आणि भारत वर्ल्ड ग्रुपमध्ये, म्हणजे वरच्या गटात, टिकला. २०१४ ला बंगळूरमध्ये सर्बियाविरुद्ध पहिले दोन सेट गेल्यावर त्यानं आणि लिएंडर पेसनं झिमोनिच-बोझोल्याच जोडीला पाच सेटमध्ये पाडलं. छातीत दम नसलेल्या माणसाची ही कामं नव्हेत.

आता 'निम्मं कोर्ट'. सागरमाळ, आईंना हे जरूर सांगा. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांची पट्टी वाढते. माणशी १८ फूट येतात म्हणून बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण समोर नेटपाशी एकजण टपून उभा असतो. एकेरीत सर्व्हिस कशीबशी उंच परतवली आणि खोल पडली तरी तुम्ही वाचता. दुहेरीत तोच चेंडू नेटवाला हवेतल्या हवेत ठेचतो. म्हणून परतीचा फटका नेटवरून वीतभर अंतरानं जायला हवा आणि सर्व्हिस करून पुढं धावत येणाऱ्याच्या पायात पडायला हवा.

मी जिल्हा पातळीवर खेळलो. गुडघ्यांमुळं आता फक्त शिकवतो. पोरांसाठी मी नेटच्या वर हातभर उंचीवर सुतळी बांधायचो. चेंडू नेट आणि सुतळीच्या मधून गेला पाहिजे. पहिल्या दिवशी विसातला एक जायचा, तोही चुकून. दोन महिन्यांनी विसातले बारा जायला लागले की त्या पोराच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी एकेरीची फायनल जिंकलेल्यांच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

निशिगंध

जानेवारी २०१९ ला मी बालेवाडीला महाराष्ट्र ओपन बघायला गेलतो. बोपण्णा आणि दिविज शरण यांनी ती जिंकली, फायनलला बॅम्ब्रिज आणि ओमारा. आम्ही सर्व्हिसच्या रेषेच्या बरोबर मागं, खाली बसलो होतो. टीव्हीवर दिसत नाही ते तिथं दिसलं.

दिविज नेटपाशी वाकून उभा, रिकामा हात पाठीमागं. मूठ बंद. मग दोन बोटं उघडली. मागं बोपण्णानं मान हलवली आणि सर्व्हिस केली. चेंडू पडायच्या आधीच दिविज आडवा सुटला होता. पुढच्या गुणाला दोघं जवळ आले, तोंडावर चेंडू धरून बोलले. मग काहीच इशारा नाही, तरी दोघांनी जागा बदलल्या. प्रत्येक गुणाआधी ठरवायचं, प्रत्येक गुणानंतर परत ठरवायचं. मला सगळ्यात भारी वाटलं ते म्हणजे एक सोपा चेंडू बोपण्णानं नेटमध्ये मारला, तरी दिविज आधी त्याच्याकडं गेला आणि हातावर हात मारला. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणालो, संसारात एवढं जमलं तरी बास.

वाचनवेडी

निशिगंध, सुंदर लिहिलंय. एक शंका: "गेलतो", "म्हणालो" आणि पुढं "नवऱ्याला"?

निशिगंध

ताईच आहे मी. कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. पुण्यात वीस वर्षं झाली, ते काही सुटलं नाही आणि सोडायचंबी नाही.

पेठकर

शाब्बास ताई! सोडू नका.

अण्णा_कागल

मला टेनिसातलं फार कळत नाही. नातू लावतोय म्हणून बघतो. पण जोडीचं म्हणाल तर चाळीस वर्षं बैलं राखलीत.

डाव्या अंगाला चालणारा बैल उजवीकडं जुंपा, पाच पावलं नीट जाणार नाही. मान वाकडी करतोय, जू एकीकडं ओढतोय. बैल तोच, ताकद तीच, जागा बदलली की बिथरतोय. आणि दोन्ही बैल सारख्या ताकदीचे कधीच मिळत नाहीत. मग जुवाचा मधला दोर जोराच्या बैलाकडं बोटभर सरकवायचा, म्हणजे ओढ त्याच्यावर जादा येते आणि दुसऱ्याची फरफट होत नाही. एवढं एक बोट समजायला मला चार-पाच सुगी लागल्या. वडील समोर असून लागल्या.

या खेळात पण असं अंग असतं का? का कुणीबी कुठंबी उभा राहतोय?

जुना_खेळाडू

अण्णा, तुमच्या प्रतिसादाची वाखु (वाचनखूण) साठवली. अगदी असंच असतं. सर्व्हिस परतवताना उजवं अंग कुणाचं आणि डावं कुणाचं हे सेट सुरू होताना ठरतं, आणि तो सेट संपेपर्यंत बदलता येत नाही. डाव्या अंगाला जो उभा राहतो त्याच्या वाट्याला ४०-३० सारखे गेम संपवणारे गुण जास्त येतात, म्हणून थंड डोक्याचा माणूस तिकडं ठेवायची रीत आहे. एटीपीच्या दुहेरीत तर २००६ पासून ड्यूस (४०-४०) झाला की पुढच्या एकाच गुणावर गेम संपतो. त्या गुणाला सर्व्हिस कुठल्या अंगाला घ्यायची ते परतवणारी जोडी ठरवते. आणि सेट १-१ झाले की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. दोन चुका झाल्या की सामना हातातून गेला. सावरायला वेळच नसतो.

टॉपस्पिन

अण्णांचं उदाहरण मानलं. पण मग बोपण्णाला इतके जोडीदार का बदलावे लागले? ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली ती ६१ व्या प्रयत्नात, तोपर्यंत ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत १९ जोडीदार झाले होते.

निशिगंध

कारण क्रमवारी, दुखापती, वय, दुसऱ्याची निवृत्ती, सगळं दोघांचं मिळून बघावं लागतं. स्पर्धेत प्रवेश दोघांच्या क्रमवारीच्या बेरजेवर मिळतो. जोडीदाराचा खांदा गेला की तुमचाही हंगाम गेला. नवा माणूस शोधायचा, फोन करायचा, नकार पचवायचा. विसाव्या वर्षी हे ठीक आहे, चाळिसाव्या वर्षी आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलाला "माझ्याबरोबर खेळशील का" विचारायला मन मोठं लागतं.

आणि कुरेशीबरोबरची जोडी विसरू नका. २०१० ची यूएस ओपन, बोपण्णा भारताचा, ऐसाम उल हक कुरेशी पाकिस्तानचा. फायनलला ब्रायन बंधूंकडून दोन्ही सेट टायब्रेकवर हरले. दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत शेजारी शेजारी बसून तो सामना बघत होते. 'इंडो-पाक एक्स्प्रेस' म्हणायचे लोक. हरून एवढं प्रेम मिळालेली जोडी दुसरी आठवत नाही.

पेठकर

सगळंच प्रेमाचं नव्हतं ओ. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला केवढा राडा झाला. पेसबरोबर खेळायला महेश भूपती तयार नाही, बोपण्णा तयार नाही. शेवटी दोन जोड्या पाठवल्या. पेस-विष्णू वर्धन आणि भूपती-बोपण्णा. दोन्ही दुसऱ्या फेरीत घरी. आमच्याकडं दोन पेठांनी मिळून एक संघ काढला असता तर असंच झालं असतं.

जुना_खेळाडू

ती जखम आमच्या पिढीला अजून दुखते. १९९९ ला पेस-भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला गेले, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले. आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडला पेसबरोबर सुवर्ण जिंकणारा आपला गौरव नाटेकर होता, हेही लक्षात असू द्या. मराठी माणसाचं दुहेरीशी जुनं नातं आहे. बोपण्णाही कुर्गचा खरा, पण पुण्यात नंदन बाळ यांच्याकडं शिकलेला.

वाचनवेडी

आणि ऋतुजा भोसले! सप्टेंबर २०२३, हांगझोऊ एशियाड, मिश्र दुहेरी. पुरुष दुहेरीत बोपण्णा लवकर हरला होता. मिश्रच्या फायनलला ऋतुजाबरोबर पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-३, टायब्रेक १०-४. सुवर्ण. मी ऑफिसात मोबाइल डेस्कखाली धरून बघत होते.

थोडा वेगळा अनुभव सांगते. माझा मुलगा चौदा वर्षांखालच्या एका स्पर्धेत खेळत होता. दुहेरीचे सामने कायम शेवटी, संध्याकाळी सातनंतर. कोर्टावरच्या चार दिव्यांपैकी दोन बंद. मुलं दिवसभराची एकेरी खेळून दमलेली. सेमीफायनल एका सेटवर आणली आणि फायनल झालीच नाही, वेळ नाही म्हणून चिठ्ठी टाकून कप दिला. माझ्या मुलाच्या हातात कप आला आणि तो गाडीत रडला. म्हणाला, "आई, आम्ही जिंकलोच नाही." सागरमाळ, तुमच्या मुलीला लोक हसतात ते इथून सुरू होतं. आयोजकच दुहेरीला उरलंसुरलं समजतात, मग मुलांनी काय समजावं?

सागरमाळ

वाचनवेडी, अगदी असंच आमच्याकडंही झालंय. फक्त चिठ्ठी नव्हती, नाणं होतं.

योगसाधना

बोपण्णाच्या गुडघ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा जवळजवळ झिजून गेली होती. २०२१ मध्ये महिनोन् महिने सामना जिंकता येत नव्हता. आता बास, असा व्हिडिओ निरोप त्यानं बायकोला पाठवला होता, हे त्यानं स्वतः ऑस्ट्रेलियन ओपन जिंकल्यावर सांगितलं. त्या काळात त्यानं अय्यंगार योग धरला.

मी ही पद्धत शिकवते म्हणून सांगते. यात घाम काढणं नसतं. दोरी, पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, लोड यांच्या आधारानं शरीर योग्य जागी आणून तिथं थांबायचं असतं. गुडघ्याच्या मागच्या खळीत गुंडाळलेली दोरी घालून पाय दुमडला की सांध्यात जागा होते. मांडीचे स्नायू गुडघ्याची वाटी वर उचलून धरायला शिकतात. रोज, कंटाळा न करता, वर्षानुवर्षं. बी. के. एस. अय्यंगारांनी हे पुण्यात बसून जगाला दिलं आणि कुर्गच्या माणसानं त्यावर मेलबर्नची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. माझ्याकडं येणाऱ्या साठीच्या काकूंना मी हे सांगते तेव्हा त्या जिना चढायला तयार होतात.

जुना_खेळाडू, तुम्हीही या एकदा वर्गाला.

जुना_खेळाडू

येतो. खरंच येतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

चहाबाज

धाग्यानं एक गुडघा तरी वाचवला!

सातासमुद्रापार

राजारामपुरीचा, आता अमेरिकेत. उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाकडं कुणीतरी वळायला हवं.

सागरमाळ, दुहेरीकडं फक्त एटीपी-डब्ल्यूटीएच्या, म्हणजे पुरुष-महिला व्यावसायिकांच्या, नजरेनं बघू नका. इथल्या कॉलेज टेनिसमध्ये संघांची लढत दुहेरीनं सुरू होते. तीन जोड्या, प्रत्येकी एक सेट. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकी एक गुण. सातपैकी चार गुण ज्याचे तो जिंकला. बरोबरीच्या संघांत तो दुहेरीचा गुण सोन्याचा असतो. म्हणून कोच नेटवर हात चालणारी मुलगी शोधतात. ऋतुजा भोसलेही टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळली, तिथंच शिकली.

मात्र टॉपस्पिनचा एक मुद्दा सोडू नका. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ज्युनियर क्रमवारीत सर्वोत्तम सहा एकेरी निकालांचे पूर्ण गुण आणि सर्वोत्तम सहा दुहेरी निकालांचे फक्त चतुर्थांश गुण धरतात. म्हणजे अठरापर्यंत एकेरी सोडून चालणारच नाही. एकेरी ठेवा, पण दुहेरीचा सराव उरलेल्या वेळेत नको, ठरलेल्या वेळेत हवा.

टॉपस्पिन

हे पटलं. मी 'सोडू नका' म्हणत होतो, 'शिकवू नका' असं म्हणायचं नव्हतं. आणि काल रात्री २०१७ च्या फ्रेंच ओपनची मिश्र फायनल परत बघितली. बोपण्णा-डाब्रोवस्की, पहिला सेट २-६, शेवटचा टायब्रेक १२-१०, दोन मॅच पॉइंट वाचवून. स्पर्धा पातळ असते हा शब्द मी मागं घेतो. बक्षिसाच्या रकमेबद्दलचं म्हणणं मात्र कायम.

अण्णा_कागल

पोरीचा जोडीदार कोण आहे ते सांगितलंच नाही तुम्ही.

सागरमाळ

अण्णा, तुम्ही नेमकं धरलंत. जोडीदारीण आहे शाहूपुरीची, हिच्यापेक्षा चांगली पाच इंच उंच. आजवर दोघी वाटेल तशा उभ्या राहायच्या. परवा दोघींना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. खूप हसल्या, मग गंभीर झाल्या. चार सेट खेळून बघितले, दोन इकडून, दोन तिकडून. आमची डाव्या अंगाला उभी राहिली की दोघींचं जमतं. उंच पोरगी सर्व्हिस करते तेव्हा आमची नेटपाशी पाठीमागं बोटं दाखवते. पहिल्यांदा दोघींना एकमेकींची खूणच कळली नाही, एकाच बाजूला पळाल्या आणि रॅकेटवर रॅकेट आपटली.

आईला २०२४ ची ती फायनल टीव्हीवर लावून दिली. बोलेली-वावासोरीविरुद्ध पहिला सेट टायब्रेकला गेला, तो ७-० नं घेतला, तेव्हा आई म्हणाली, "हा त्रेचाळीसचा? आपल्या धाकट्यापेक्षा मोठा?" मग सामना संपेपर्यंत उठली नाही. दुसरा सेट ७-५. निम्म्या कोर्टाचं पुढं काही बोलली नाही, पण नातीला विचारलं, "तू कुठल्या बाजूला उभी राहतेस?"

ठरलंय असं: आठवड्यातले चार दिवस एकेरी, दोन दिवस फक्त दुहेरी, आणि ते दोन दिवस सकाळी, ताज्या पायांनी. सुतळी कालच बांधली. विसातले तीन गेले. मध्ये जरा ढिली पडून खाली येते, उद्या घट्ट ओढून बांधतो.

जुना_खेळाडू

ओढू नका, तशीच राहू दे. नेट खांबापाशी साडेतीन फूट उंच आणि मध्ये तीन फूट असतं, सुतळीही मध्ये तेवढीच खाली हवी. पोरीला सांगा, अडचणीत सापडलीस की मधूनच मार.